चाच्यांचं जहाज, तीन पाळ्यांत

स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीवर, स्वतःच्या मेव्हण्याने आणलेल्या यंत्रासमोर बसायला माणसाला 'रिलीव्हर' म्हणून नेमलं, तर त्याने काय करावं, याबद्दल कारखान्याच्या स्थायी आदेशांत एक अक्षर नाही. धर्माजी ओव्हाळने ते आदेश दोनदा वाचून पाहिले. गैरहजेरी आहे, कामावर झोपणं आहे, आवारात विडी ओढणं आहे. आपल्याच घरात आपल्याला पाव तासाचा बदली कामगार केलं, तर दाद कोणाकडे मागायची, ते नाही. पुस्तक मिटताना त्याचे कान तापले होते.

धर्माजी रसायनीच्या एका कारखान्यात स्टोअर क्लार्क होता आणि मोहोपाड्याच्या स्टाफ कॉलनीत दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होता. अठरा वर्षं त्याने स्टोअरच्या जाळीच्या खिडकीमागे काढली. कोणता वॉशर कोणत्या फळीवर आहे, हे तो डोळे मिटून सांगे. पण खिडकीपलीकडून त्याला कोणी धर्माजी म्हणत नसे. "ए स्टोअर, पाव इंची नट दे." "स्टोअर, लवकर कर." प्लांटचे शिफ्ट इन्चार्ज टेंभेकर साहेब तर रस्त्यात, पोस्टात, भाजीच्या गाडीपाशीही त्याला स्टोअर म्हणत. एकदा त्यांनी येसूबाईची ओळख 'ह्या आपल्या स्टोअरच्या मिसेस' अशी करून दिली होती. येसूबाईने घरी येऊन दोन दिवस साहेबांचा उद्धार केला होता.

तर शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात येसूबाईचा भाऊ श्रीपत, जो मालवाहू बोटीवर फिटर होता, सिंगापूरहून एक यंत्र घेऊन आला. टाइपरायटरसारखी बटणं, पण कागद घालायला जागा नाही. वायर टीव्हीला जोडायची आणि खेळायचं. खेळ कॅसेटमध्ये होता. समुद्रावरच्या चाच्यांचा. आपलं जहाज, आपली चाळीस माणसं. त्यांना खाऊपिऊ घालायचं, वारा बघून शिडं फिरवायची, दुसऱ्यांची जहाजं लुटायची, नकाशाचे चार तुकडे जमवायचे आणि शेवटी बेटावर पुरलेला खजिना काढायचा.

"दाजी, मी आठ महिन्यांनी येतो. तवर तुमी चालवा," श्रीपत म्हणाला. "बोटीवर आमाला कप्तानाचा दरवाजा वाजवायची पन बंदी. यात तुमीच कप्तान."

हे वाक्य धर्माजीच्या डोक्यात बसलं. एरवी तो यंत्राच्या वाटेला गेला नसता.

पहिली हरकत घरातूनच आली. टीव्हीच्या वर भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. येसूबाईने खेळाची माहिती ऐकली आणि तसबिरीकडे बोट केलं. "अवं, पंचशील घेतलेल्या घरात दुसऱ्याची जहाजं लुटायची? आन त्या मानसांना रोज काय पाजायचं म्हनाला शिरपत?"

"रम," धर्माजी हळू आवाजात म्हणाला.

"म्हंजी दारू."

"खोटी दारू गं. खोटी जहाजं. खोटी चोरी."

"खोटं बोलू नये, ते बी पंचशिलात हाय," येसूबाई म्हणाली. शेवटी तोड निघाली ती अशी की, खेळ चालू असताना तसबिरीवर धुतलेला टॉवेल टाकायचा. धर्माजीला हे पटलं नाही. उलट टॉवेलमुळे आपण काहीतरी लपवतोय असं वाटतं, असं त्याचं मत होतं. पण ते मत त्याने स्वतःपाशी ठेवलं.

दुसरी हरकत इस्टेट ऑफिसची. क्वार्टरमध्ये विजेची कोणतीही नवी वस्तू लावायची तर परवानगीचा फॉर्म भरावा लागे, तीन प्रतींत. फॉर्ममध्ये पंखा, इस्त्री, शेगडी, रेडिओ आणि टीव्ही एवढेच रकाने होते. तिथल्या कारकुनाने यंत्राचं वर्णन ऐकलं, विचार केला आणि विचारलं, "गरम होतं का?"

"चालू ठेवलं की होतं थोडं."

"मग शेगडी," कारकून म्हणाला आणि त्याने तसा शिक्का मारला. त्या दिवसापासून कागदोपत्री ओव्हाळांच्या घरी स्वयंपाकघरात एक आणि बाहेरच्या खोलीत एक अशा दोन शेगड्या झाल्या. धर्माजीने तक्रार केली नाही. अठरा वर्षं कागदावर माल सांभाळणाऱ्या माणसाला कागदाशी वाद घालण्यातली निष्फळता ठाऊक असते.

आता खरी गंमत. यंत्राला हा खेळ कॅसेटवरून ऐकवावा लागे. टेपरेकॉर्डर जोडायचा, कॅसेट लावायची, दहा मिनिटं किंचाळल्यासारखा आवाज येणार, आणि यंत्राला तो नीट ऐकू आला तर खेळ सुरू होणार. नाही आला तर पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी सात वेळा ऐकवला, यंत्राने दाद दिली नाही. मग शेजारी आले. शेजारचा हिरामण बॉयलर अटेंडंट होता, चौक गावचा, आणि जगातली प्रत्येक वस्तू वाफेवर चालते अशी त्याची श्रद्धा होती. तो म्हणाला, "धर्माजीभाऊ, परेशर कमी पडतंय. आवाज फुल करा." इलेक्ट्रिशियन पदूने कॅसेट पेन्सिलीने मागे गुंडाळून पाहिली, मग उन्हात ठेवली, मग तांदळाच्या डब्यात. एका निवृत्त फोरमनने येऊन यंत्राला अर्थिंग नाही असं सांगितलं आणि चहा पिऊन गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी येसूबाई वैतागली. तिने स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि टेपरेकॉर्डरच्या झाकणावर दाणकन ठेवला. झाकण आतापर्यंत केसभर उघडं राहत होतं. हिरामणने आवाज फुल केला.

त्यानंतर जे झालं त्याला धर्माजी जबाबदार नव्हता, असं तो आजही सांगतो.

रासायनिक कारखान्याच्या कॉलनीत राहणाऱ्या माणसांचे कान वेगळे असतात. गॅस सुटला की कोणता भोंगा होणार, तोंडावर ओला रुमाल कसा धरायचा, वाऱ्याचा रोख बघून कुठल्या दिशेला पळायचं, याची तालीम दर महिन्याला होत असे. संध्याकाळी सहा वाजता धर्माजीच्या खिडकीतून तो लांबलचक कर्कश आवाज बाहेर पडला आणि तीन इमारती रिकाम्या झाल्या. बायका भिजवलेल्या पदरांनी नाकं झाकून निघाल्या. कोणी धोतर वर करून हवेत धूळ उडवली आणि वारा बघितला. सगळे मैदानावरच्या वडाखाली जमले, कारण जमायची जागा तीच ठरलेली होती. टेंभेकर साहेबांनी डोकी मोजली. तीन डोकी कमी भरली.

ती तीन डोकी, म्हणजे धर्माजी, येसूबाई आणि हिरामण, टीव्हीसमोर श्वास रोखून बसली होती. आवाज थांबला होता आणि पडद्यावर शिडं फुगवलेलं जहाज उभं होतं. खाली प्रश्न होता, कॅप्टनचं नाव? पुढे आठ चौकोन. धर्माजीने एका बोटाने एकेक इंग्रजी अक्षर शोधून स्वतःचं नाव टाकलं. आठ अक्षरं बरोबर आठ चौकोनांत बसली. यंत्राने क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'कॅप्टन धर्माजी, तुमचा हुकूम?'

अठरा वर्षांत पहिल्यांदा कोणी त्याला हे विचारत होतं. तो नुसता वाचत राहिला.

तेवढ्यात दार उघडलं आणि नाकावर ओला रुमाल धरलेले टेंभेकर साहेब आत आले. मागे काठ्या घेऊन दोन वॉचमन. प्रेतं उचलायच्या तयारीने आलेल्या माणसाला टीव्ही चालू दिसला की राग येणं साहजिक आहे. साहेब दहा मिनिटं बोलले. मेमो देणार होते, यंत्र जप्त करणार होते, चौकशी समिती बसवणार होते. मग, "हे आहे तरी काय?" म्हणून ते चौकशीसाठी खुर्चीत बसले. ती धर्माजीची खुर्ची होती. चौकशी साडेदहाला संपली.

उठताना साहेबांनी विचारलं, "हे बंद करून उद्या परत सुरू करता येतं?"

"पुन्हा कॅसेट ऐकवावी लागेल साहेब. आणि खेळ पहिल्यापासून सुरू होतो. मधलं काही साठवून ठेवायला टेपचं रेकॉर्डिंगचं बटण लागतं. ते मोडलंय."

"म्हणजे परत तो आवाज." साहेब गंभीर झाले. "नाही. हे बंद करायचं नाही. प्लांट एकदा सुरू झाला की बंद करायचा नसतो, स्टोअर."

आणि बंद करायचं नाही म्हणजे कोणीतरी समोर बसायला हवं. कारण हुकूम दिला नाही तरी समुद्रावर दिवस उलटत, माणसं जेवत, जहाज वाहत जाई. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी टाइप केलेला तक्ता धर्माजीच्या भिंतीवर चिकटवला. पहिली पाळी सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा, रात्रपाळी अकरा ते सात. कारखान्यात ज्याची जी पाळी नसेल, त्याची ती इथे. दुसरी पाळी स्वतः साहेब, रविवारी सकाळपासूनच. बाकी हिरामण, पदू आणि प्लांटमधले दोघे. धर्माजीचं नाव सगळ्यात खाली होतं. त्याची कारखान्यातली ड्यूटी जनरल शिफ्टची, म्हणून तो कुठल्याच पाळीत बसत नव्हता. 'रिलीव्हर (चहा, जेवण, लघुशंका)' असं त्याच्यापुढे लिहिलं होतं.

"साहेब, यंत्र माझं आहे," धर्माजी म्हणाला.

"प्लांट काय माझा आहे?" साहेब म्हणाले. त्यावर त्याला उत्तर सुचलं नाही. आंघोळ करताना सुचलं, पण तोवर साहेब गेले होते.

असं चाच्यांचं जहाज तीन पाळ्यांत चालू लागलं. टेबलावर लॉगबुक आलं. वेळ, वारा, माणसं, अन्न, रम, शेरा. पाळी सुटताना सही करून चार्ज द्यायचा आणि दुसऱ्याने सही करून घ्यायचा. कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे शेऱ्याच्या रकान्यात सगळे एकच वाक्य लिहीत, 'बाकी काही विशेष नाही.' पदूने चुकून जहाज खडकावर नेलं आणि सहा माणसं बुडाली, त्या दिवशीसुद्धा शेरा असा होता, 'सहा कमी. बाकी काही विशेष नाही.'

पहिले चार दिवस तर या चाच्यांनी एक जहाज लुटलं नाही. लुटायचं म्हणजे तोफ डागायची. तोफ म्हणजे आग. आणि आगीचं काम म्हटलं की कारखान्यात आधी हॉट वर्क परमिट लागतं, ते इथेही लागेल असं साहेबांनी ठरवलं. समोरून खजिन्याने भरलेलं जहाज जाई, हिरामण कागद घेऊन साहेबांच्या सहीसाठी कॉलनीभर पळे, आणि सही होऊन येईपर्यंत जहाज आपल्या मुलखात पोहोचलेलं असे. पाचव्या दिवशी साहेबांनी कोऱ्या परमिटांवर आधीच सह्या करून ठेवल्या, तेव्हा कुठे लूट सुरू झाली. हिरामणने खलाशांना ओव्हरटाइमची मागणी लावून धरली. पदूने शिडाच्या दोऱ्यांची आठवड्याची तपासणी सुरू केली. कॅप्टन व्हायला निघालेला धर्माजी संध्याकाळी कामावरून येऊन स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर बसे आणि साहेबांना लघवीला कधी होते, याची वाट बघत राही.

पण एक गोष्ट साहेबांच्या हातात नव्हती. दर दोन मिनिटांनी पडद्यावर अक्षरं येत, 'कॅप्टन धर्माजी, वारा फिरला.' 'कॅप्टन धर्माजी, माणसं उपाशी आहेत.' साहेबांना प्लांटच्या पॅनेलवरचे आकडे मोठ्याने वाचायची सवय. पहिल्या संध्याकाळी ते वाचून गेले, "कॅप्टन धर्मा..." आणि थांबले. खोकले. तेव्हापासून ते पुढच्या शब्दापासून वाचत. उंबऱ्यावरचा धर्माजी ते ऐके. तोंडातून न निघालेलं आपलं नाव ऐकू येतं, हे त्याला तेव्हा कळलं. चिडचिड होत होती, पण आत कुठेतरी बरंही वाटत होतं. साहेबाला वाचायचं नसलं तरी समोर बघावं लागत होतं, रोज आठ तास.

आणि मग तो फ्लास्क.

दुसऱ्या दिवसापासून साहेब येताना निळ्या रंगाचा पाण्याचा फ्लास्क आणत आणि टीव्हीच्या डोक्यावर ठेवत. येसूबाईने पहिल्याच दिवशी चहा पुढे केला तर म्हणाले, "नको. डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलंय." ती कप परत घेऊन गेली. हिरामण चहा पीत होता, पदू पीत होता, प्लांटमधले दोघे पोहेसुद्धा खात होते. साहेब टोपण उघडून आपलं पाणी पीत. बरं, कँटीनच्या पिंपातलं पाणी साहेब त्याच पेल्याने पितात ज्याने शंभर जण पितात, हे धर्माजीने रोज पाहिलेलं. समोरच्या इमारतीत सत्यनारायणाला साहेबांनी तीन कप चहा घेतला होता, हेही कॉलनीने पाहिलेलं.

"कसला डाक्टर हाय हा," येसूबाई रात्री भांडी आपटत म्हणाली. "बरा आमचंच घर वळखतो."

"जाऊ दे," धर्माजी म्हणाला.

"छप्पन साली तुमचा बाप ते सगळं सोडून आला, ते जाऊ दे म्हनायला आला व्हय?"

धर्माजी अंथरूण घालू लागला. राग आला होता, पण कोणावर काढायचा ते ठरत नव्हतं. सकाळी स्टोअरमध्ये गेल्यावर तो त्याने नटबोल्टच्या खोक्यांवर काढला.

आता धर्माजीची चूक सांगायला हवी. खेळाबरोबर एक छोटी पुस्तिका होती. इंग्रजी नीट वाचता येतं हे दाखवायला त्याने तिसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर मोठ्याने वाचली. त्यात एक नियम होता. माणसं फार दिवस उपाशी राहिली आणि पार चिडली, तर ती मतदान करतात. कॅप्टनला पायउतार करून निर्जन बेटावर सोडून देतात, आणि यंत्र नव्या कॅप्टनचं नाव विचारतं. साहेब पापणी न लववता ऐकत होते. मग म्हणाले, "ती पुस्तिका दे बरं जरा घरी न्यायला."

आठव्या दिवसापासून लॉगबुकात साहेबांच्या पाळीत नवे शेरे दिसू लागले. 'अन्न अर्धं. बचत.' 'रम बंद. शिस्त.' पडद्याच्या कोपऱ्यात माणसांची मर्जी कशी आहे ते लिहून येई. ती 'खूश'वरून 'बरी'वर आली, मग 'नाराज'वर. धर्माजीला रिलीव्हर म्हणून पाव तास मिळाला की तो घाईघाईने कोठार उघडून माणसांना पोटभर जेवू घाले. बुद्धाच्या तसबिरीवर टॉवेल आहे ना बघून रमही देई. साहेब हात पुसत परत येत आणि लॉगबुकात तांबड्या शाईने लिहीत, 'रिलीव्हरने विनापरवाना साठा उचलला.' साठा. स्टोअर क्लार्कला हे लिहावं. अठरा वर्षांत एक वॉशर इकडचा तिकडे झाला नव्हता. धर्माजीने त्याखाली निळ्या शाईने लिहिलं, 'साठा माणसांसाठी असतो.' साहेबांनी त्याच्यावर काट मारली.

"ह्यो मुद्दाम उपाशी मारतोय," हिरामण उंबऱ्यावर येऊन कुजबुजला. "त्याला तुमचं नाव काढायचंय धर्माजीभाऊ. परवा मला म्हनला, सगळं नीट करू पन ते नाव डोळ्यात खुपतं. म्या म्हनलं, पयल्यापासून सुरू करा. तर म्हनला, नकाशाचे तीन तुकडे झाल्यात, ते कसं सोडायचं."

म्हणजे तुकडे हवे होते, खजिना हवा होता, घर हवं होतं, खुर्ची हवी होती, वीजसुद्धा धर्माजीच्या मीटरची हवी होती. नको होतं ते फक्त नाव. धर्माजीने ठरवलं, रविवारी सुट्टी आहे, दिवसभर खोलीत बसायचं आणि साहेब उठले रे उठले की कोठार उघडायचं.

शनिवारी पाच वाजता त्याच्या टेबलावर कागद आला. रविवारी स्टोअरची तातडीची साठा पडताळणी, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, हजर राहावे. खाली टेंभेकर साहेबांची शिफारस होती.

रविवारी धर्माजी एकटाच स्टोअरमध्ये गॅस्केट मोजत बसला. मोजता मोजता आकडा चुकला, पुन्हा मोजले, पुन्हा चुकला. अकराच्या सुमारास जाळीच्या खिडकीशी हिरामणचं तोंड दिसलं. सायकल हाणून त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"धर्माजीभाऊ, चला. तुमची मानसं उठली."

"किती चिडलीत?"

"पार. सकाळपास्नं घास दिला नाय त्याने. कोठार भरल्यालं हाय आन घास नाय दिला. वयनी बोलल्या तर म्हनला, तुमी स्वैपाकघर बघा."

धर्माजीने गॅस्केट खाली ठेवले. स्टोअरला कुलूप लावलं. ड्यूटी सोडून जाणं हा स्थायी आदेशांत कितवा गुन्हा आहे, हे त्याला आकड्यासकट पाठ होतं. तो हिरामणच्या सायकलच्या कॅरियरवर बसला. चढाला उतरून दोघेही पळाले.

घरात पोहोचला तेव्हा खोलीत पदू आणि प्लांटमधले दोघे भिंतीला टेकून उभे होते आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. येसूबाई स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. साहेब खुर्चीत होते. मतदान होऊन गेलं होतं. पडद्यावर लिहिलं होतं, 'माणसांनी कॅप्टन धर्माजीला पायउतार केलं आहे. त्याला निर्जन बेटावर सोडलं. सोबत एक पिस्तूल आणि एक बाटली पाणी.' खाली प्रश्न होता, नव्या कॅप्टनचं नाव? पुढे आठ चौकोन.

साहेब टाइप करत होते. टी, ई, एम, बी, एच, ई, के, ए. चौकोन संपले. साहेबांनी आर दाबलं. यंत्राने नुसता टुक्क आवाज केला. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा टुक्क. साहेबांच्या नावातलं शेवटचं अक्षर त्या यंत्राला घेता येत नव्हतं.

"हे काय भिकार यंत्र आहे," साहेब म्हणाले आणि मागे वळले. "अरे स्टोअर? तू ड्यूटी सोडून आलास?"

धर्माजी पडद्याकडे बघत होता. एक बाटली पाणी. त्याने ते दोनदा वाचलं. मग टीव्हीच्या डोक्यावरच्या निळ्या फ्लास्ककडे पाहिलं. इतके दिवस राग कोणावर काढायचा ते ठरत नव्हतं, ते आता ठरलं.

"साहेब, माझं नाव काय?"

"काय?"

"माझं नाव. अकरा दिवस तुमच्या डोळ्यांसमोर लिहिलेलं होतं. वाचून पाठ झालं असेल."

"स्टोअर, हा खेळ आहे. एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं."

"चौतीस माणसं उपाशी मारली तुम्ही, भरलेलं कोठार असून. का, तर माझं नाव नको म्हणून." धर्माजीचा आवाज चढला नव्हता. "माझ्या घरचा चहा नको, पाणी नको. खुर्ची चालली. खुर्चीला डॉक्टरांनी मना केलं नव्हतं वाटतं."

साहेब पदूकडे बघून हसायला गेले. पदू छताकडे बघत होता.

धर्माजीने टीव्हीवरून फ्लास्क उचलला. हलवून पाहिला, अर्धा भरलेला होता. त्याने आत जाऊन माठातल्या पाण्याने तो काठोकाठ भरला, टोपण घट्ट लावलं आणि बाहेर येऊन साहेबांच्या हातात दिला. मग त्यांच्या कोपराला धरलं, जोरात नाही, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून द्यावा तेवढंच, आणि दारापर्यंत नेलं. साहेब इतके गोंधळले होते की चालत गेले. येसूबाईने त्यांचे बूट आधीच बाहेर नेऊन ठेवले होते, दहा पावलं लांब, भर उन्हात.

"पिस्तूलही द्यायचा नियम आहे साहेब," धर्माजी म्हणाला. "पण आमच्या घरात ते नसतं. पाणी घ्या. बेटावर लागतं."

दार त्याने आपटलं नाही, हळू लावलं. खिडकीतून दिसत होतं, कॉलनीच्या मधोमध साहेब मोज्यांवर उभे होते, हातात फ्लास्क होता, आणि आजूबाजूच्या सगळ्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती. उद्या मेमो येणार हे धर्माजीला माहीत होतं. कदाचित दोन येतील, एक ड्यूटी सोडल्याचा आणि एक दोन शेगड्या वापरल्याचा. येऊ देत. उत्तरात काय लिहायचं ते त्याला या वेळी आंघोळीच्या आधीच सुचलं होतं.

मग हिरामण म्हणाला, "वयनी, जरा पानी द्या. घसा सुकलाय." येसूबाईने कळशीभर आणलं. सगळ्यांनी घेतलं.

येसूबाईने भिंतीवरचा तक्ता काढला आणि टॉवेलही काढून खांद्यावर टाकला. "बघू देत त्यांना पन," ती म्हणाली.

धर्माजी आपल्या खुर्चीवर बसला. आठ वेळा खोडायचं बटण दाबलं आणि एकेक अक्षर शोधत आपलं नाव परत टाकलं. यंत्राने विचार केला. मग लिहिलं, 'कॅप्टन धर्माजी, माणसं उपाशी आहेत. तुमचा हुकूम?' त्याने कोठार उघडलं, सगळ्यांना पोटभर दिलं, वर रमही दिली. मग लॉगबुक ओढलं. वेळ, वारा, माणसं, अन्न, सगळे रकाने नीट भरले. शेऱ्याच्या रकान्यात निळ्या शाईने लिहिलं, 'शिफ्ट इन्चार्ज यांना एक बाटली पाण्यासह बेटावर सोडले. बाकी काही विशेष नाही.' आणि खाली, अठरा वर्षांत स्टोअरच्या कुठल्याच कागदावर त्याने केली नव्हती एवढी मोठी, पूर्ण नावाची सही केली.